चर्चमधली बेड-व्हीलचेअरची खोली: सामान जुनं, माणसं एकदम फर्स्ट क्लास

पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो टायमिंगचा, त्यावर खाली बोलणारच आहे.

आधी हे आहे काय ते सांगते. वेस्टर्न लाइनवर, बोरिवलीच्या अलीकडे, एका चर्चच्या आवारात ग्रोटोच्या, म्हणजे मारियामातेची मूर्ती ठेवलेल्या दगडी गुहेच्या, मागे एक लांबट खोली आहे, पूर्वी तिथे बालवाडी भरायची म्हणे, भिंतीवर अजून अर्धवट पुसलेलं बदक दिसतं. आता तिथे आजारी माणसाला घरी लागणारं सगळं सामान असतं, हॉस्पिटलवाला बेड, एअर मॅट्रेस, वॉकर, व्हीलचेअर, कमोड चेअर, सलाईनचा स्टँड, नेब्युलायझर, आणि हे सगळं लोकांना वापरायला देतात. भाडं नाही. डिपॉझिट घेतात, सामान परत केलं की डिपॉझिट परत. चर्चचं नाव टाकत नाहीये कारण ही खोली सांभाळणाऱ्या आंटीने स्पष्ट सांगितलं, नाव टाकलंस तर विरारपासून फोन येतील आणि माझ्याकडे बेड मोजून थोडेच आहेत. त्यामुळे ज्यांना गरज आहे त्यांनी आपल्या जवळच्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या भागातल्या चर्चमध्ये, चौकशी करा, असलं काहीतरी बऱ्याच ठिकाणी निघेल, आणि नसलं तर हे वाचून कुणीतरी सुरू करा.

मी स्वतः कॅथलिक, माहेर वसईचं, पण ही माझी पॅरिश नाही. गेले ते खालच्या मजल्यावरच्या काकांसाठी. काका बाथरूममध्ये पडले, कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशनमध्ये बॉल बदलला. हॉस्पिटलवाल्यांनी सकाळी सांगितलं की संध्याकाळी डिस्चार्ज, घरी बेड लावून ठेवा. घरात काय, तर दिवाण आणि इंडियन स्टाइल संडास. बाहेर भाड्याने बघितलं तर महिन्याचं भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं, टेम्पो वेगळा, आणि वर पोचवायचे मजल्यामागे पैसे वेगळे. मुलगा पुण्याहून निघालेला, एक्स्प्रेसवेवर अडकलेला. मी म्हटलं काकू, चर्चमधून मिळतं, बघू का.

काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अगं पण तिथे काही... म्हणजे भरून वगैरे घेणार नाहीत ना?"

त्यांना काय विचारायचंय ते मला कळलं आणि खरं सांगायचं तर मला रागही आला नाही, कारण हल्लीचं वातावरण असं आहे की चर्चमधून बेड आला म्हटल्यावर सोसायटीत चार माणसं विचारणारच. मी म्हटलं तुम्हीच चला सोबत. काकू आल्या, पर्समध्ये काकांचं आधारकार्ड, रेशनकार्ड, लाइटबिल, सगळी फाइल घेऊन.

तर फॉर्म. एक पानाचा, झेरॉक्स मारमारून पुसट झालेला. त्यात विचारतात: पेशंटचं नाव, वय, उंची, वजन, कितवा मजला, लिफ्ट आहे का, घरात बघायला कोण आहे, डॉक्टरचा कागद. बस. धर्माचा रकाना नाही, पॅरिश कुठली हेसुद्धा विचारत नाहीत. काकूंनी फॉर्म उलटा करून मागे बघितलं, मागे कुठल्यातरी जुन्या हाउजीचे नंबर होते.

आता मेन गोष्ट म्हणजे तिथले अंकल. सत्तरीचे, गोदीत फिटर होते, आता रिटायर. तुम्ही दुकानात जाता तेव्हा दुकानदार काय करतो, तुम्ही मागाल ते देतो, जमलं तर त्याच्यापेक्षा महागाचं देतो. हे अंकल उलट. काकूंनी व्हीलचेअर मागितली. अंकल म्हणाले, "बाथरूमचा दरवाजा किती इंच?" काकूंना काय माहीत. फोन करून शेजारच्या पोराला टेप घेऊन पाठवलं, २४ इंच निघाला. अंकल म्हणाले, "मग व्हीलचेअर घेऊन काय हॉलमध्ये शोला ठेवणार? ही माझी २५ इंच आहे. दरवाज्यात अडकेल, मग पेशंट आत आणि तू बाहेर." आणि दिली नाही. त्याऐवजी वॉकर दिला आणि उंच कमोड चेअर दिली, आणि काकूंना समोर बसवून सांगितलं की बॉल बदललेल्या माणसाने खाली उकिडवं बसायचं नाही, कंबर काटकोनाच्या पलीकडे वाकली नाही पाहिजे म्हणून खुर्ची उंचच हवी, खुर्चीचे पाय कमी-जास्त उंच करायला तिच्यात बटणं असतात ती अशी दाबायची. हे हॉस्पिटलमध्ये पण कुणीतरी घाईघाईत सांगितलं असेल बहुतेक, पण तेव्हा काकूंच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

बेडचं पण तसंच. बेडमध्ये दोन प्रकार असतात हे मला तिथे कळलं, एकात फक्त पाठ वर होते, दुसऱ्यात पाठ आणि गुडघे दोन्ही, दोन हँडल. सगळ्यांना दोन हँडलवाला हवा असतो. अंकल म्हणतात, ज्याला लागतो त्यालाच देईन, काकांना एक हँडल पुरे. आणि पहिल्या पंधरवड्यात एअर मॅट्रेस पाहिजेच कारण माणूस एका कुशीवर पडून राहिला की पाठीला जखमा होतात, आणि मॅट्रेस घातली म्हणून निवांत नाही व्हायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, कशी बदलायची ते फिजिओला विचारायचं कारण ऑपरेशनचा पाय चुकीचा वळला तर भलतंच होईल.

सामानाची कंडिशन कशी आहे हे पण लिहिते नाहीतर रिव्ह्यू कसला. बेड दणकट, रंग उडालेला पण वेल्डिंग मजबूत, हँडल थोडं जड फिरतं, तेल घातल्यावर ठीक. मॅट्रेसचा पंप रात्रभर घरघर करतो, ज्यांची झोप सावध त्यांना त्रास होईल. मॅट्रेसची नळी बेडच्या बाजूला दुमडली की हवा जात नाही आणि आपल्याला वाटतं मशीन बिघडलं, आधी नळी बघा. वॉकरचे खालचे रबर झिजलेले होते, अंकलनी आपल्या ड्रॉवरमधून नवीन काढून समोर बसवले. कमोड चेअर एकदम स्वच्छ, ब्लीचचा वास येत होता, तो वास मला आवडला. व्हीलचेअर मी ट्राय केली नाही पण एकीचं ब्रेक ढिलं दिसलं, तिच्यावर "रिपेर" असं खडूने लिहून बाजूला ठेवली होती, म्हणजे निदान लपवत तरी नाहीत.

टेम्पोचे पैसे आपले. पण बेड सुटा करून देतात, नट-बोल्ट कापडी पिशवीत बांधून, त्यामुळे आमच्या जुन्या बिल्डिंगच्या चिंचोळ्या जिन्यातून वर गेला. आणि लावायला अंकल स्वतः आले, सोबत एक कॉलेजचा मुलगा. हे मला अपेक्षित नव्हतं.

इथे जे झालं त्याच्यासाठी मी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहितेय.

काका संध्याकाळी ॲम्ब्युलन्सने आले. काका म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, कडक इस्त्रीचा शर्ट, आयुष्यात कुणाकडून पाच रुपये उसने घेतले नसतील. घरात आले आणि त्यांना हॉलच्या मध्यभागी ती कमोड चेअर दिसली. तोंड एकदम पडलं. कुणाशी बोलेनात. आम्ही सगळे नको तितकं गोड बोलायला लागलो, "काही नाही हो काका, थोडे दिवस", वगैरे वगैरे, आणि त्याने ते आणखीच आक्रसले. अंकल पान्याने बोल्ट आवळत होते, वर न बघता म्हणाले, "सर, बिशपची खुर्ची बघितली काय तुम्ही? मोठी, लाकडी, लाल गादी. पण तिला खाली भोक नाय. बिचारा बिशप." एक सेकंद शांतता आणि मग काका हसले. हॉस्पिटलमध्ये गेल्यापासून पहिल्यांदा. टाके दुखतात म्हणून कंबर धरून हसले. मग काकू, मग तो कॉलेजचा पोरगा, तो बिचारा हसू की नको म्हणून आधी थांबला होता.

मी धार्मिक घरात वाढलेय, लहानपणापासून ऐकलंय की दया करा, परोपकार करा, गरिबांना विसरू नका. ते करणारी माणसं पण खूप बघितली. पण त्यातली बरीचशी करताना अशी चेहरा पाडून, हळू आवाजात, मान तिरकी करून करतात, की घेणाऱ्याला वाटतं आपण आता मेलोच. किंवा दुसरा प्रकार, तुम्ही पण बघितला असेल, रेशनचं पाकीट देताना मागे बॅनर, देणारे आठ जण, घेणारी एक म्हातारी, आणि सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. असं मिळालेलं तांदूळ-डाळ गिळताना काय वाटत असेल. दया असते त्यात, नाही असं मी म्हणत नाही, पण आनंद नसतो, आणि आनंद नसला की ती दया घेणाऱ्याच्या अंगावर ओझं होऊन बसते. अंकलच्या त्या एका विनोदाने काकांना बेडपेक्षा जास्त काहीतरी मिळालं, त्यांना परत हेडमास्तर असल्यासारखं वाटलं. पुढच्या मिनिटाला ते अंकलना विचारायला लागले की गोदीत कुठल्या साली होता.

आणि हे काही माझं शहाणपण नाही, बायबलमध्येच आहे. संत पौलाच्या रोमकरांस पत्रात, १२ वा अध्याय, ८ वी ओवी, तिथे तो कुणी काय कसं करावं ते सांगतो आणि दया करणाऱ्याबद्दल म्हणतो की त्याने ती हसतमुखाने करावी. हे वाक्य मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेत, कितीदा कानावरून गेलं असेल, कधी थांबले नव्हते त्याच्यापाशी. पोप फ्रान्सिसनी नोव्हेंबर २०१३ मध्ये जे मोठं पत्र काढलं, ज्याच्या नावातच शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या संदेशाचा, आनंद आहे, त्यात त्यांनी सरळ म्हटलंय की शुभवर्तमान सांगणारा माणूस आत्ताच मयतावरून आल्यासारखा दिसता कामा नये. आणि काही ख्रिस्ती लोकांचं आयुष्य म्हणजे ईस्टर नसलेला उपासकाळ (ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस), असंही. आम्हा लोकांना हे बरोबर लागू पडतं, रविवारी मिस्सेतून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघा एकदा.

त्या खोलीत भिंतीवर कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, पोरांनी केलेला एक तक्ता आहे, दयेची सात कामं, स्केच पेनने रंगवलेली. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, बेघराला आसरा, आजाऱ्याची भेट, कैद्याची भेट आणि मेलेल्याला मूठमाती. यातली पहिली सहा मत्तयच्या २५ व्या अध्यायातली, जिथे येशू म्हणतो की तुम्ही या लहानातल्या लहानाला जे केलंत ते मलाच केलंत, आणि सातवं बायबलमधल्याच तोबीतच्या पुस्तकातून आलं, तो तोबीत बंदी असताना रस्त्यावर टाकलेली प्रेतं नेऊन पुरायचा. आंटी सांगत होती की २०१५ च्या ८ डिसेंबरपासून २०१६ च्या २० नोव्हेंबरपर्यंत पोप फ्रान्सिसनी दयेचं वर्ष पाळायला सांगितलं होतं, तेव्हा पॅरिशमध्ये मिटिंग झाली, कुणी म्हणालं मोठा कार्यक्रम करू, कुणी म्हणालं रॅली काढू, आणि अंकल म्हणाले माझी बायको गेली तेव्हापासून तिचा वॉकर आणि कमोड चेअर माझ्या गॅलरीत पडून आहे, ते कुणाला तरी द्या. तिथून सुरुवात. वर्ष संपलं, खोली राहिली. तेव्हा पोप स्वतः महिन्यातून एका शुक्रवारी गुपचूप कुठेतरी जायचे, कधी हॉस्पिटलमध्ये, कधी व्यसनमुक्ती केंद्रात, आधी कुणाला न सांगता. हे मला माहीत होतं, पण आंटीच्या तोंडून, एका हातात हिशेबाची वही आणि दुसऱ्या हातात फिनेलची बाटली असताना ऐकायला वेगळं वाटलं.

अंकलचा अजून एक किस्सा, तो ते प्रत्येकाला सांगतात असं दिसतंय, मला पण सांगितला. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईत आले होते युकॅरिस्टिक काँग्रेसला, म्हणजे कॅथलिकांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्याला, भारतात आलेले पहिले पोप, तेव्हा अंकल शाळेत, वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी ती पांढरी गाडी बघितली. जाताना पोपनी ती गाडी मदर तेरेसांना देऊन टाकली आणि मदरनी तिची लॉटरी काढून आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वस्तीला लावला. "तवापासून आपल्याला गाडी फुकट द्यायची सवय लागली," अंकल म्हणतात, "फक्त आपली गाडी ढकलावी लागते."

एक वाद पण सांगते, कारण सगळं गोडगोड लिहिलं तर खोटं वाटेल. तो जो कॉलेजचा मुलगा आला होता तो पॅरिशच्या प्रार्थना गटात आहे, मनापासून करतो, पण परत जाताना जिन्यात त्याने अंकलना विचारलं की आपण एवढं करतो मग येशूचं नाव का नाही घेत, निदान एक पत्रक तरी द्यावं, नाहीतर आपल्यात आणि कुठल्याही एनजीओत फरक काय. प्रश्न चुकीचा नाही. चर्च पण असं कुठे म्हणत नाही की गप्प बसा, पोप फ्रान्सिसनी त्याच पत्रात लिहिलंय की शुभवर्तमान सगळ्यांना सांगायचं, कुणाला वगळायचं नाही, पण नवीन बंधन लादल्यासारखं नाही तर आपला आनंद वाटून घेतल्यासारखं. आणि त्यांच्या आधीचे पोप बेनेडिक्ट २००७ मध्ये ब्राझीलला गेले होते तेव्हा बोलले होते की चर्च माणसं ओढून-ताणून वाढत नाही, आकर्षणाने वाढतं. अंकलनी एवढं काही सांगितलं नाही. ते म्हणाले, "विचारलं तर सांगू. न विचारता सांगितलं तर तो बेड परत करेल आणि जमिनीवर झोपेल. मग काय, मी जिंकलो?" पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, हेच आहे की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा पण सौम्यपणे आणि आदराने. विचारलं तर! हा 'तर' आपण नेहमी गाळतो. मुलगा काही पटल्यासारखा दिसला नाही, पण पुढच्या वेळी परत आला, टेप घेऊन.

हो, पुढच्या वेळी. ते पण सर्व्हिसमध्येच धरलंय. साधारण आठवड्याने दोघं जण बघायला येतात, बेड नीट आहे का, पेशंटला कुठे लाल झालंय का, घरातला बघणारा माणूस झोपतो का. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जी आहे, १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन काढलेली, आपल्याकडेही कित्येक पॅरिशमध्ये आहे, त्यांची मूळ पद्धतच ही, गरिबाला ऑफिसात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं. ही खोली त्यांची नाही, पॅरिशचेच लोक चालवतात, पण सवय तिकडूनच उचललीय असं आंटी म्हणाली. आंटी आली आणि काकांशी पाचच मिनिटं बोलली, उरलेला सगळा वेळ काकूंशी. काकूंना कुणी विचारलंच नव्हतं तोपर्यंत. सगळे येणारे काका कसे आहेत, काका जेवतात का. आंटीने विचारलं, "तू शेवटची आंघोळ निवांत कधी केलीस?" काकूंचे डोळे भरले आणि त्या खरंच आंघोळीला गेल्या, आंटी काकांजवळ बसून राहिली, रेडिओ लावून.

निघताना काकूंनीच विचारलं, तुम्ही लोक प्रार्थना वगैरे करता ना, आमच्याकडे नाही केलीत. आंटी म्हणाली, "घरी करते रात्री. तुमची नावं लिहून नेलीत वहीत. चालेल ना?" काकू म्हणाल्या चालेल. आणि मग देवघरातल्या गणपतीपुढचा प्रसादाचा पेढा दिला, तो आंटीने तिथेच खाल्ला.

आता तक्रारी. खोली उघडी असते फक्त रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर दोन तास आणि बुधवारी संध्याकाळी. माणूस काय बुधवार बघून पडतो का? आमचा योगायोगाने बुधवारच होता. इतर दिवशी चर्चच्या ऑफिसमध्ये निरोप ठेवावा लागतो, आणि ऑफिसचा फोन दुपारी कुणी उचलत नाही. बाहेरचा बोर्ड नुसता इंग्लिशमध्ये आहे. ज्या मराठी, गुजराती घरांना याची गरज आहे त्यांना समजणार पण नाही की आत काय आहे, बिचारे बाहेरच्या बाहेर जातील. मी तिथेच बोलले, आंटी म्हणाली तूच लिहून दे, तर तो कागद आता माझ्याच गळ्यात आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर एकच आहे, कोविडच्या काळात कुणीतरी दिलेला, त्याच्यावर भरवसा ठेवू नका, ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटसाठी डॉक्टर सांगेल तिथूनच घ्या, अंकल पण तेच सांगतात. आणि कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातला पेशंट असेल, घरी वेदना आवरत नसतील, तर ही जागा पुरणारच नाही, तेव्हा बांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासूनचं, देशातलं पहिलं हॉस्पिस, सिस्टर लोक चालवतात, अशा पेशंटना मोफत ठेवून घेतात, कुठल्याही धर्माच्या. बऱ्याच लोकांना आपल्या शहरात असलं काही आहे हेच माहीत नसतं.

सामान परत न करणारे पण आहेत. यावरून अंकल आणि आंटीचं कायम वाजतं, आमच्यासमोरच वाजलं. आंटी वही उघडून एकेकाला फोन लावते, गोड आवाजात पण सोडत नाही. अंकल म्हणतात जाऊ दे गं, वॉकर परत आला नाय म्हणजे माणूस अजून चालतोय. आंटी म्हणते, "आणि ज्याला आज वॉकर पाहिजे तो काय तुझ्या दयेवर चालेल?" माझं मत आंटीच्या बाजूने आहे. माफ करणं ठीक, पण तिसऱ्याच्या वाट्याची वस्तू माफ करायचा अधिकार अंकलना कुणी दिला? तरी एक आहे, डिपॉझिट मुद्दाम कमी ठेवलंय, ते वाढवायला दोघंही तयार नाहीत, तेवढ्यावर त्यांचं एकमत आहे.

काका आता काठी घेऊन खाली पारावर येतात. सोसायटीतल्या त्या चार माणसांपैकी एकाने विचारलंच की बेड कुठून आणला होता. काकांनी त्यांच्या हेडमास्तरी आवाजात पत्ता सांगितला, आणि बाथरूमचा दरवाजा आधी मोजून ठेवायला सांगितलं, कारण विचारणाऱ्याची आई नव्वदीची आहे.

जाणार असाल तर डॉक्टरचा कागद, पेशंटची उंची आणि वजन, बाथरूमच्या दरवाज्याची रुंदी, जिन्याच्या वळणाचा फोटो हे सोबत न्या, अर्धा वेळ वाचतो. गुड फ्रायडेच्या आठवड्यात जाऊ नका, सगळे चर्चच्या कामात असतात. ईस्टरनंतरचा जो पहिला रविवार, जो पोप जॉन पॉल दुसऱ्यांनी २००० साली दैवी दयेचा रविवार म्हणून ठरवला, त्या दिवशी खोली दिवसभर उघडी असते आणि लोकांकडून जुनं सामान घेतात. परत करताना बेड पुसून, हँडलसकट आणा, नट-बोल्टची पिशवी विसरू नका. द्यायचं असेल तर चालू स्थितीतलं द्या. गंजलेली, चाक निखळलेली व्हीलचेअर घेऊन गेलात तर आंटी गोड हसेल, चहा विचारेल, आणि सांगेल की भंगारवाला गेटबाहेर उजव्या हाताला बसतो.